विश्लेषण : बॅलेचे पहिले पॉइंट शूज ‘वाढत्या मापाचे’ का घ्यायचे नसतात?

शाळेचे बूट घेताना एक माप मोठे घ्यायचे आणि पुढे कापसाचा बोळा घालायचा, ही मराठी घरांतील जुनी रीत. ‘पोर वाढत्या अंगाची आहे, वर्षभर तरी पुरतील’ हा त्यामागचा हिशेब. बॅले शिकणाऱ्या मुलीसाठी पहिले पॉइंट शूज घ्यायला गेलेल्या पालकांना मात्र दुकानात नेमके उलटे ऐकावे लागते : वाढीसाठी जागा अजिबात ठेवायची नाही. बूट आजच्या पायाला, आजच्या मापानेच बसला पाहिजे. महागडे, काही महिन्यांत निकामी होणारे आणि माप चुकले तर थेट पायाला इजा करणारे हे बूट निवडायचे कसे, मुलगी त्यासाठी तयार आहे हे कोण ठरवते आणि दुकानात पाऊण-एक तास नेमके काय पाहिले जाते, याचा हा आढावा.

पॉइंट शूज म्हणजे नेमके काय?

बॅलेमध्ये नर्तिका चवड्यावर नव्हे, तर थेट बोटांच्या टोकांवर उभी राहते. त्यासाठी वापरले जाणारे खास बूट म्हणजे पॉइंट शूज. लांबून पाहिले तर ते गुलाबी सॅटिनच्या नाजूक चपलेसारखे दिसतात. हातात घेतले की पुढचे टोक टणक लागते. त्यात लाकूड किंवा लोखंड असते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. पारंपरिक पद्धतीच्या बुटात गोणपाट, कापड आणि कागद किंवा पुठ्ठ्याचे थर खळीने एकमेकांवर चिकटवलेले असतात. वाळल्यावर तेच कडक होतात.

बोटांभोवतीच्या या कडक कवचाला ‘बॉक्स’ म्हणतात. त्याचे सपाट टोक, ज्यावर उभे राहायचे, तो ‘प्लॅटफॉर्म’. बोटांच्या वरचा, बुटाच्या तोंडापर्यंतचा भाग म्हणजे ‘व्हॅम्प’ आणि बाजूच्या ताठ भिंती म्हणजे ‘विंग्ज’. तळव्याखाली आतून जाणारी ताठ पट्टी ही ‘शँक’. ती पायाच्या कमानीला आधार देते.

हे बूट उलटे शिवले जातात आणि मग सुलटे केले जातात. कारागीर ते कलबुतावर चढवतो, टोकाशी सॅटिनच्या बारीक चुण्या घालतो, ठोकून आकार देतो आणि नंतर ते भट्टीत वाळवले जातात. आणखी एक गंमत म्हणजे पारंपरिक जोडीत डावा-उजवा असा भेद नसतो. दोन्ही बूट सारखेच असतात. वापरता वापरता ते त्या त्या पायाचे होतात.

हे बूट आले कुठून?

१८३२मध्ये पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ हा बॅले रंगमंचावर आला. त्यात मारी टॅग्लिओनी या नर्तिकेने बोटांवरच्या नृत्याला केवळ कसरतीपलीकडचे, भावनेचे रूप दिले. बोटांवर उभी राहणारी ती पहिली नव्हे, पण हे तंत्र तिच्यामुळे बॅलेच्या केंद्रस्थानी आले. तिच्या पायात आजच्यासारखा कडक बॉक्स नव्हता. साध्या सॅटिनच्या सपाता, त्यांचे टोक आणि कडा दोऱ्याने रफू करून जरा घट्ट केलेल्या. बाकी सगळा भार तिच्या पायांच्या ताकदीवर. तिच्या रशियन चाहत्यांनी तिचे बूट विकत घेऊन, शिजवून, सॉस घालून खाल्ले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत अधिक कडक टोकाचे बूट बनू लागले आणि नर्तिकांना एका पायावर सलग गिरक्या घेणे जमू लागले. १८९५मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने घेतलेल्या ३२ सलग गिरक्या पुढे या बॅलेची ओळखच ठरल्या. उंच कमानीच्या पायांची अ‍ॅना पावलोवा आपल्या बुटांत जादा आधार घालून घेत असे. याच पावलोवाचा प्रयोग १९२८मध्ये मुंबईत झाला तेव्हा प्रेक्षकांत रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. पुढे पावलोवानेच त्यांना भारतीय नृत्याकडे वळण्यास सुचवले.

पुढे हे बूट बनवणाऱ्या कंपन्या नावारूपाला आल्या. न्यूयॉर्कची कपेझिओ १८८७ची, लंडनची फ्रीड १९२९ची, तर सिडनीची ब्लॉक १९३२ची. १९९३मध्ये अमेरिकेत गेनॉर मिंडन या कंपनीने खळ-पुठ्ठ्याऐवजी लवचीक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे बॉक्स आणि शँक वापरायला सुरुवात केली. फ्रीडमध्ये आजही कारागीर हाताने बूट घडवतात आणि तळाशी आपली खूण उमटवतात. कुणाची खूण घंटा, कुणाची मुकुट. अनेक नर्तिका वर्षानुवर्षे एकाच खुणेच्या कारागिराचे बूट मागतात.

बोटांवर उभे राहणे शक्य कसे होते?

संपूर्ण शरीराचा भार काही चौरस सेंटिमीटरच्या सपाट टोकावर येतो, हे खरे. पण नीट बसलेल्या बुटात मुलगी केवळ अंगठ्याच्या नखावर उभी नसते. बॉक्स पायाला चारही बाजूंनी घट्ट धरतो. नरसाळ्यात अडकवलेली वस्तू जशी खाली पडत नाही, तसा पाय बॉक्समध्ये धरला जातो आणि भार बोटांची टोके, बाजू व चवड्याची हाडे यांत वाटला जातो. शँक कमानीला खालून टेकू देते.

बूट काम करतो तो एवढेच. बाकीचे काम घोटा, पोटरी, मांडी, पोट आणि पाठ यांच्या स्नायूंचे. पॉइंटवरची नर्तिका बुटात ‘बसत’ नाही, ती सतत स्वतःला वर उचलून धरते. म्हणूनच चांगले बूट घेतले म्हणजे कोणीही बोटांवर उभे राहील, हा समज धोक्याचा ठरतो. आणि म्हणूनच मापाचा प्रश्न इतका नाजूक आहे. पकड सैल असेल तर पाय खाली घसरतो आणि सगळा भार अंगठ्याच्या टोकावर येतो. पकड अति घट्ट असेल तर हाडे आणि नसा दाबल्या जातात.

मुलगी तयार आहे हे कोण ठरवते?

दुकानदार नाही, पालक नाहीत आणि मुलगी तर नाहीच. हा निर्णय शिक्षकाचा. कथकमध्ये पायाला किती घुंगरू बांधायचे, भरतनाट्यममध्ये अरंगेत्रम केव्हा करायचे, हे जसे गुरू ठरवतात तसेच हे आहे. चांगली दुकाने शिक्षकाने परवानगी दिली आहे का, असे आधी विचारतात आणि नसेल तर परत पाठवतात.

नृत्यवैद्यकशास्त्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यानुसार १२ वर्षांच्या आधी पॉइंट सुरू करू नये. आठवड्यातून एकदाच वर्गाला जाणाऱ्या मुलींना त्यापासून परावृत्त करावे. आठवड्यातून दोनदा शिकणाऱ्या, शरीराने तयार असलेल्या मुलीने प्रशिक्षणाच्या चौथ्या वर्षात ते सुरू करावे. पोट-कंबरेचे स्नायू कमकुवत असतील किंवा पाय आणि घोटे अति लवचीक असतील, तर आधी ताकद वाढवण्याचे व्यायाम करून घ्यावेत.

मात्र १२ हा काही जादूचा आकडा नाही. बाराव्या वाढदिवसानंतर दुसऱ्या दिवशी पाय तयार होत नाही. या वयात बहुतेक मुलींच्या पायातील हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा अद्याप पूर्ण कठीण झालेली नसते. त्यामुळे वयापेक्षा ताकद, तोल आणि शिस्त यांना महत्त्व दिले जाते.

शिक्षक काही सोप्या चाचण्या घेतात. पाय पुढे ताणून बसवल्यावर घोट्याच्या वरच्या भागावर पेन्सिल आडवी ठेवतात. ती नडगीच्या रेषेत सरळ राहते का, यावरून घोटा पुरेसा वाकतो की नाही हे कळते. तो वाकत नसेल तर मुलगी प्लॅटफॉर्मवर पूर्ण चढूच शकत नाही, मागेच राहते. एका पायावर उभे राहून, धड पुढे झुकवून गुडघा वाकवायला सांगतात. गुडघा आत कोसळतो का हे पाहतात. एका पायावर सलग उड्या मारायला लावतात आणि प्रत्येक उडीला पाऊल सरळ ताणले जाते का, कंबर स्थिर राहते का, याकडे लक्ष ठेवतात.

पायाचे कोणते माप घेतात?

रोजच्या बुटाचा क्रमांक येथे फारसा उपयोगाचा नसतो. प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे आणि एकाच कंपनीच्या दोन प्रकारांतही फरक. लांबी हा अनेक मापांपैकी केवळ एक भाग आहे.

फिटर, म्हणजे बूट बसवून देणारी जाणकार व्यक्ती, आधी अनवाणी पाय पाहते. बोटांचा उतार कसा आहे? अंगठा सर्वांत लांब आणि पुढची बोटे क्रमाने लहान असतील तर त्याला ‘इजिप्शियन’ पाऊल म्हणतात. दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल तर ‘ग्रीक’. पहिली तीन-चार बोटे जवळपास एका रेषेत असतील तर ‘जिझेल’ किंवा ‘पेझंट’. एका रेषेतल्या बोटांना रुंद, चौकोनी बॉक्स लागतो; निमुळत्या पावलाला निमुळता.

मग फिटर चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहते. काही पाय दाबले की अरुंद होतात, काहींची हाडे जागची हलत नाहीत. पहिल्या प्रकारच्या पायाला उभे असताना नीट बसलेला बॉक्स पॉइंटवर गेल्यावर सैल पडू शकतो. पाऊल जाड आहे की चपटे, यावर बॉक्सची उंची ठरते. बोटांच्या लांबीवर व्हॅम्पची उंची ठरते. तो अंगठ्याच्या मुळाचा सांधा झाकेल इतका हवा. टाच अरुंद आहे का, कमान किती उंच आहे, घोट्यात ताकद किती आहे, यावर शँकचा कडकपणा अवलंबून असतो. दोन पाय क्वचितच हुबेहूब सारखे असतात, म्हणून दोन्ही तपासले जातात.

दुकानात प्रत्यक्ष काय घडते?

पहिल्या फिटिंगला आधी वेळ घेऊन जावे. पाऊण ते एक तास लागतो आणि तीन-चार जोड्यांपासून डझनभर जोड्यांपर्यंत काहीही घालून पाहावे लागते. जाताना वर्गात घालते तेच टाइट्स न्यावेत. पाऊल उघडे करता येतील असे असावेत. नखे दोन-तीन दिवस आधी सरळ रेषेत कापलेली असावीत. कोपरे खोल कापले तर दाबाने नख मांसात रुतते. बोटांवर घालायचे पॅड शिक्षकाने सुचवले असतील तर तेच घालून माप घ्यायचे. सिलिकॉनच्या जाड गादीवर बसवलेला बूट पातळ लोकरीवर सैल होतो.

पहिली पायरी : सपाट उभे राहणे. दोन्ही पाय समांतर ठेवून उभे राहिल्यावर बोटे सरळ, लांब आणि सपाट असली पाहिजेत. टोकाला स्पर्श जाणवावा, पण बोटे वळता कामा नयेत.

दुसरी पायरी : पाय बाजूला फाकवून गुडघे वाकवणे, म्हणजे प्लिए. या स्थितीत पाऊल सर्वांत लांब आणि रुंद होते. बोटे टोकाला टेकतील, थोडा दाब जाणवेल. पण ती दुमडली तर बूट आखूड आहे.

तिसरी पायरी : दांड्याला धरून एक पाय पॉइंटवर. आता फिटर खाली बसून पाहते. प्लॅटफॉर्म जमिनीला सपाट टेकला आहे का? पाय बॉक्समध्ये खाली घसरतो आहे का? बाजूला फट पडते का, की मांस विंग्जच्या वर फुगून येते? शँक कमानीला चिकटून आहे की वाकडी वळली आहे? टाचेमागे सॅटिनची चिमूट येते का? पॉइंटवर पाऊल आखडते, त्यामुळे टाचेशी बारीकशी चिमूट येणे योग्य. मूठभर कापड हाती आले तर बूट लांब आहे. अजिबात चिमूट आली नाही तर आखूड.

फिटिंगमधली खरी अडचण वेगळीच असते. या दिवसाची तीन-चार वर्षे वाट पाहिलेली मुलगी प्रत्येक जोडीला ‘छान आहे’ म्हणते. बूट काढून घेतील, ‘अजून थांब’ म्हणतील, ही भीती तिच्या मनात असते. म्हणून ‘दुखतंय का?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. ‘एकाच ठिकाणी टोचतंय की सगळीकडून दाबतंय?’, ‘अंगठा जमिनीवर आपटल्यासारखा वाटतोय का?’, ‘डावा आणि उजवा सारखा वाटतोय का?’ असे नेमके प्रश्न विचारले तर नेमकी उत्तरे मिळतात. सगळीकडून सारखी, घट्ट पकड अपेक्षितच आहे. एका बिंदूवर तीव्र कळ, मुंग्या किंवा बधिरपणा अपेक्षित नाही. पॉइंट शूज कधीच सपातांइतके आरामशीर नसतात, पण ‘बॅले म्हणजे दुखणारच’ असे म्हणून चुकीचे माप खपवणे हा वेगळा प्रकार झाला.

थोडे मोठे घेतले तर बिघडते कुठे?

शाळेच्या बुटात पाऊल पुढे सरकले तर फार तर टाच घासते. पॉइंट शूजमध्ये ते सरकले की भार वाटून घेणारी पकडच नाहीशी होते. रुंद बॉक्समध्ये पाय खाली बुडतो आणि अंगठ्याच्या टोकावर सगळा भार येतो. नख काळे पडणे, फोड येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. लांब बुटात शँक जिथे वाकायला हवी तिथे वाकत नाही, बूट पायाभोवती फिरतो आणि घोटा आत किंवा बाहेर कलतो. अशा स्थितीत पाय मुरगळायला वेळ लागत नाही. सैलपणा भरून काढण्यासाठी मुली बोटे आखडून बुटाला धरून ठेवतात. चुकीची सवय लागते ती तिथेच.

आखूड आणि अरुंद बूटही तितकाच वाईट. बोटे दुमडतात, सांध्यांवर कुरुपे येतात, टाचेमागची कडा स्नायुबंधावर रुतते. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येण्याची प्रवृत्ती असेल तर ती वाढू शकते. व्हॅम्प आखूड असेल तर पाय बुटाबाहेर पुढे झुकतो. उंच असेल तर चवड्यावरून वर जाताना अडवतो. शँक अति कडक असेल तर नवशिकी मुलगी प्लॅटफॉर्मवर पूर्ण पोहोचत नाही आणि मागे टेकून उभी राहते. अति मऊ असेल तर कमकुवत पायाला आधारच मिळत नाही.

मग पाय वाढला तर काय? तर नवे बूट घ्यायचे. वाढीच्या वयात दर दोन-तीन महिन्यांनी माप तपासून घ्यावे, असे शिक्षक सांगतात. अमेरिकेत एका जोडीला साधारण १०० डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात. हा खर्च पेलणे प्रत्येक घराला सोपे नाही. त्यामुळे ‘केव्हा सुरू करायचे’ या निर्णयात घरच्या हिशेबालाही जागा असते. मोठ्या बहिणीचे किंवा मैत्रिणीचे वापरलेले बूट घालणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. ते दुसऱ्याच्या पायाप्रमाणे वाकलेले आणि मऊ पडलेले असतात.

भारतातील मुलींनी काय करायचे?

भारतात बॅलेचे वर्ग आता नवे राहिलेले नाहीत. मुंबईत लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षांना मुली बसतात. सूनी तारापोरवाला यांच्या २०२०मधील ‘ये बॅले’ या चित्रपटाने मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबईकर तरुणांची वाट अनेकांपर्यंत पोहोचवली. मात्र लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये फ्रीडच्या दुकानात जसे कपाटभर मापांतून बूट निवडता येतात, तशी सोय येथे सहज मिळत नाही.

त्यामुळे अनेकदा न्यू जर्सीच्या मावशीला किंवा लंडनच्या काकांना क्रमांक कळवून जोडी मागवण्याचा मोह होतो. पहिल्या जोडीबाबत हा मोह आवरलेला बरा. क्रमांकावरून मागवलेला बूट म्हणजे डॉक्टरांना न दाखवता शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा मागवण्यासारखे. शिक्षकांकडे वेगवेगळ्या मापांचे नमुने असतील तर त्यांच्या देखरेखीखाली माप घ्यावे. परदेशी जाणे होणारच असेल तर मुलीला घेऊन फिटिंग करून घ्यावे. करोनाकाळापासून काही कंपन्या आणि दुकाने व्हिडीओ कॉलवरूनही फिटिंग करतात : आधी पायांची छायाचित्रे आणि मापे मागवतात, मग दोन-तीन जोड्या पाठवून कॅमेऱ्यासमोर घालायला लावतात. प्रत्यक्ष हात लावून पाहण्याची सर त्याला नाही, पण शिक्षक शेजारी असतील तर हा मार्ग अंदाजाने मागवण्यापेक्षा कितीतरी चांगला. एकदा योग्य कंपनी, प्रकार, रुंदी आणि शँक ठरली की पुढच्या जोड्या मागवणे सोपे होते, तेही पाय वाढलेला नसेल तरच.

घरी आणल्यावर लगेच शिवायचे का?

नाही. आधी बूट शिक्षकांना दाखवायचे. तोवर ते गालिच्यावर किंवा स्वच्छ कापडावरच घालून पाहायचे. सॅटिन मळले, फीत शिवली किंवा शँक वाकवली की दुकान ते परत घेत नाही.

शिक्षकांनी होकार दिल्यावर प्रत्येक बुटाला दोन रेशमी फिती आणि घोट्याभोवती इलॅस्टिक शिवायचे. टाच आत दुमडली की जिथे घडी पडते, साधारण तिथे फितीची जागा येते. फितीची टोके आगीवर हलकेच धरली की धागे सुटत नाहीत. हे काम मोठ्यांनी करावे. टाके आतल्या अस्तरातूनच घ्यायचे, बुटाच्या तोंडाशी असलेल्या नाडीतून सुई जाऊ द्यायची नाही. नाहीतर ती आवळता येत नाही. गाठ घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागच्या खोलगट भागात दडवायची. टाचेमागच्या स्नायुबंधावर ती कधीच येऊ द्यायची नाही.

सुरुवातीचे पॉइंट म्हणजे वर्गाच्या शेवटी १०-१५ मिनिटे, दांड्याकडे तोंड करून, दोन्ही पायांवर वर-खाली. घरात, फरशीवर, आरशासमोर, मैत्रिणीला दाखवण्यासाठी पॉइंटवर उभे राहायचे नाही, हा पहिल्या महिन्यांतला सर्वांत कडक नियम. दुर्दैवाने तोच सर्वाधिक मोडला जातो.

बूट गुलाबीच का?

युरोपमध्ये बुटाचा आणि टाइट्सचा रंग त्वचेशी मिळताजुळता असावा, म्हणजे पायाची रेषा अखंड दिसते, असा विचार होता. ती त्वचा गोरी होती, एवढेच. सावळ्या आणि काळ्या नर्तिकांना अनेक दशके बुटांवर मेकअपचे फाउंडेशन थापून आपला रंग तयार करावा लागला. पैसा आणि वेळ, दोन्ही जादा. २०१८मध्ये फ्रीडने लंडनच्या ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेसोबत तपकिरी छटांचे पॉइंट शूज आणले. इतर कंपन्यांतही आता अशा छटा मिळतात. भारतीय मुलीने गुलाबीच घ्यावे असे बंधन नाही. मात्र परीक्षा किंवा कार्यक्रमासाठी काय चालते हे शिक्षकांना आधी विचारून घेतलेले बरे.

हे बूट टिकतात किती?

मोठ्या कंपनीतील नर्तिका एका प्रयोगात एक जोडी संपवू शकते. आठवड्यातून थोडाच वेळ पॉइंट करणाऱ्या नवशिक्या मुलीला ती काही महिने पुरते. बॉक्समधील खळीचा शत्रू म्हणजे ओल. घामाने ती मऊ पडते. वर्ग संपला की पॅड बाहेर काढायचे, बूट जाळीच्या पिशवीत किंवा पंख्याखाली मोकळे ठेवायचे; प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात याची दुप्पट काळजी घ्यावी लागते. घाईने उन्हात किंवा हीटरसमोर वाळवणेही टाळावे.

बूट ‘मेला’ हे सॅटिन फाटण्यावरून ठरत नाही. वरून नवाकोरा दिसणारा बूट आतून संपलेला असू शकतो. प्लॅटफॉर्म दाबल्यावर मऊ लागला, शँक एका बाजूला वळली, पूर्वी न जाणवलेला अंगठ्यावरचा भार जाणवू लागला, तर ती जोडी बाजूला ठेवायची. ‘अजून दिसायला चांगले आहेत’ हे कारण येथे चालत नाही. पहिली जोडी मात्र बहुतेक घरांत टाकली जात नाही. ती कपाटात किंवा भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली राहते. तोवर मुलीचा पाय अर्ध्या मापाने वाढलेला असतो आणि पुन्हा दुकानात अनवाणी बसून, चवडा दाबून, पहिल्यापासून माप घ्यायची वेळ आलेली असते.